ड्रमरचा माग काढत

अनोळखी पंक बँड शोधायचे तर गायकाच्या मागे जाण्यात अर्थ नाही, ड्रमरच्या मागे जावं. हे कळायला मला चार वर्षं लागली. गिटार खोलीच्या कोपऱ्यात मावते, कानाला हेडफोन लावून वाजवता येते. ड्रमसेटला जागा लागते आणि बहिरे शेजारी लागतात. त्यामुळे कुठल्याही छोट्या पंक वर्तुळात गिटारवाले पोत्याने असतात आणि ड्रमर दोन, फार तर तीन. मग तेच दोघं-तिघं सगळ्यांना पुरवून पुरवून वापरले जातात. एकच माणूस एका बँडमध्ये मिनिटभराची हार्डकोर गाणी बडवतो, दुसऱ्यात हळुवार इंडी पॉप वाजवतो आणि तिसऱ्यात केवळ नाही म्हणता आलं नाही म्हणून असतो. कॅसेटच्या आतल्या कागदावर बारीक अक्षरात त्याचं नाव सापडलं, की एका नावातून चार बँड हाती लागतात आणि त्यांतले तीन कधी कुणी ऐकलेले नसतात.

दुसरी खाण म्हणजे आभारांची यादी. मोठ्या कलाकारांच्या आभारात देव, आई-वडील आणि वकील असतात. छोट्या बँडच्या आभारात ज्यांनी ॲम्प उसना दिला, ज्यांच्या घरी जमिनीवर झोपायला मिळालं, ज्यांच्याबरोबर एका रात्री वाजवलं असे बाकीचे छोटे बँड असतात. स्प्लिट रेकॉर्डही कामाची, एका बाजूला एक बँड आणि दुसऱ्या बाजूला दुसरा. आपण ओळखीच्या बाजूसाठी घेतो आणि पुष्कळदा उलटीच बाजू जास्त वाजते. बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या वेबसाइटवर तर एखादा अल्बम कुणी कुणी विकत घेतला ते दिसतं आणि त्या माणसाचं अख्खं कपाट उघडून बघता येतं. पन्नास प्रतींची एकच कॅसेट मी आणि त्याने दोघांनीही घेतली असेल, तर त्याच्या कपाटात मला आवडेल असं आणखी काहीतरी असणारच. या मार्गाने मी कित्येक रात्री वाया घालवल्यात. तक्रार नाही.

सुरुवात मात्र कोणाचीही होते तशीच, प्रसिद्ध बँडपासून झाली. वायर या इंग्लिश बँडचा १९७७ चा ‘पिंक फ्लॅग’ हा अल्बम ऐकला. पस्तीसेक मिनिटांत एकवीस गाणी. एखादं गाणं आवडतंय असं वाटेपर्यंत संपलेलं. तोवर गाणं म्हणजे मुखडा, कडवं, मुखडा, मध्ये एक सोलो असं डोक्यात पक्कं बसलं होतं. इथे लोक सांगायचं ते सांगून सरळ उठून जात होते. त्यानंतर मी आणि माझी एक मैत्रीण असं दोघींनी चार पानांचं झीन, म्हणजे घरच्या घरी काढलेलं छोटं मासिक, काढायला घेतलं. ए-फोर कागद मधोमध दुमडायचा, झेरॉक्स काढायच्या, वाटायच्या. अंकात सहा परीक्षणं. अट एकच, बँड असा हवा की आम्ही तिसऱ्या माणसाला नाव सांगितलं तर त्याने “कोण?” विचारायला हवं.

यात नवं काही नव्हतं. १९७६ मध्ये लंडनमध्ये मार्क पेरी नावाच्या बँकेतल्या कारकुनाने टाइपरायटर आणि जाड पेन घेऊन ‘स्निफिन ग्लू’ काढलं, तेव्हा पहिल्या अंकाच्या प्रती जेमतेम पन्नास होत्या. वर्षभरात त्या हजारोंच्या घरात गेल्या आणि तेवढ्यात त्याने ते बंदही करून टाकलं. वाचणाऱ्यांना तो सांगायचा की आमच्यावर समाधान मानू नका, आपापलं काढा. आमच्या प्रती हजारांत जाण्याचा धोका कधीच नव्हता. चाळीस काढायचो, त्यातल्या सहा उरायच्या.

पहिल्याच परीक्षणात मी अडले. इंग्रजीत या संगीताबद्दल लिहिणाऱ्यांकडे तयार शब्दांची पेटी आहे, एक उचलायचा आणि चिकटवायचा. मराठीत मी ‘डिस्टॉर्टेड गिटार’ असं लिहिलं आणि मैत्रिणीने पेन्सिलीने खाली रेघ मारली.

“म्हणजे कशी वाजते?”

“डिस्टॉर्टेड वाजते.”

“अगं, पण कशी? खरखरते, घरघरते की घोंघावते?”

आणि तिथे एकदम दार उघडलं. आपल्या भाषेत आवाजाला शब्द कमी नाहीत, उलट इतके आहेत की निवडताना दमायला होतं. ॲम्पचा आवाज वाढवला की तो आपोआप फाटतो ती खरखर. फझचा पेडल, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारी पायाखालची डबी, लावून येतं ते घोंघावणं, बाटलीत माशी अडकावी तसं. दोन्ही डिस्टॉर्शनच, पण ऐकणाऱ्याला दोन वेगळ्या गोष्टी. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला १९८१ मध्ये निघालेल्या फ्लाइंग नन या रेकॉर्ड कंपनीच्या बँडांची गिटार किणकिणते. त्यांच्यातल्या द क्लीनचं ‘टॅली हो’ म्हणे पन्नास डॉलरमध्ये रेकॉर्ड झालं आणि तरी तिथल्या यादीत एकोणिसाव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्यातला ऑर्गन मात्र किणकिणत नाही, तो पिरपिरतो, आणि सगळी गंमत त्या पिरपिरण्यात आहे. स्नेअर ड्रम एक तर पत्र्यावर खडा आपटल्यासारखा टण् वाजतो, नाहीतर गादीवर काठी मारल्यासारखा धप्प. गिटार ॲम्पसमोर धरली की उठणारा फीडबॅक आधी कुंथतो आणि मग किंचाळतो.

गळ्यांची तर चैनच. भसाडा, चिरका, किनरा, घोगरा, बसका, पिचका. पंकमध्ये सुरेल गळा अपवादानेच भेटतो, त्यामुळे हे सगळे शब्द रोजच्या वापरात आले. त्यातही भसाडा ही माझ्या लेखी शिवी नाही. चिरका आवाज लवकर कंटाळा आणतो, भसाडा दहा गाणी सहज ओढून नेतो. मैत्रिणीचं मत बरोबर उलटं आहे.

वहीच्या मागच्या पानावर मी बंदी घातलेल्या शब्दांची यादी केली. ‘ऊर्जा’ पहिला. चार माणसं जोरजोरात वाद्यं बडवतायत म्हटल्यावर ऊर्जा असणारच, ती सांगायला मी कशाला हवी? मग ‘रांगडा’. मग ‘प्रामाणिक’. बँड प्रामाणिक आहे हे मला कसं कळणार, मी काय त्यांना पैसे उसने दिलेत? ‘अमक्या बँडची आठवण होते’ या वाक्यालाही बंदी घालायची होती, पण ते जमलं नाही. वाचणाऱ्याला कुठेतरी बोट धरायला लागतं. म्हणून एक तुलना, तीही शेवटच्या ओळीत, एवढी सूट ठेवली.

ऐकायची पद्धत हळूहळू ठरत गेली. पहिल्यांदा कागद-पेन न घेता ऐकायचं. मग वही घेऊन, एकेका गाण्यावर थांबत. मग शब्द समोर धरून, असतील तर. त्यानंतर चार दिवस हात लावायचा नाही. पाचव्या दिवशी यातलं काय डोक्यात वाजतंय ते बघायचं, आणि काहीच वाजत नसेल तर तेही लिहायचं. आठ-दहा मिनिटांच्या रेकॉर्डला एवढा वेळ म्हणजे हास्यास्पद वाटेल. पण त्या मंडळींनी ती दहा मिनिटं जमवायला वर्ष घातलेलं असतं.

आणि ती कशी जमवली हे ठाऊक असल्याशिवाय लिहू नये, हे मी चुकत चुकत शिकले. एका बँडच्या पहिल्या रेकॉर्डिंगला मी ‘मुद्दाम गढूळ ठेवलेला आवाज’ असं मोठ्या ऐटीत म्हटलं होतं. त्यात मुद्दाम काही नव्हतं. सरावाच्या खोलीत मधोमध फोन ठेवून त्यांनी रेकॉर्ड केलं होतं. आता ते लगेच ओळखू येतं. आवाज फार मोठा झाला की फोन आपणहून पातळी खाली ओढतो, त्यामुळे ड्रमरने झांजेवर जोरात मारलं की बाकीचा बँड क्षणभर पाण्याखाली जातो आणि पुन्हा वर येतो. दर चार मात्रांनी बुडी. एकदा कानाला कळलं की मग दुसरं काही ऐकूच येत नाही. अशा रेकॉर्डिंगबद्दल ‘आवाज खराब आहे’ लिहिणं म्हणजे पोस्टकार्डावर जागा कमी आहे अशी तक्रार करण्यासारखं. तेच कुणी स्टुडिओत चार दिवस घालवून चिखल करून आणला, तर मात्र मी सोडत नाही.

हा सगळा हिशेब झाकायचा नसतो, उलट मिरवायचा असतो, ही पंकची जुनी रीत. मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने १९७७ च्या जानेवारीत ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतःच्या न्यू हॉर्मोन्स या कंपनीतून काढली. आधी हजार प्रती. कव्हरवर त्यांनी प्रत्येक गाणं कितव्या टेकचं, म्हणजे कितव्या प्रयत्नातलं, आहे आणि वरून किती आवाज चढवलेत तेही छापलं. त्याच वर्षी डेस्परेट बायसिकल्सनी पहिली रेकॉर्ड १५३ पौंडांत उरकली आणि लोकांना तो आकडा सांगून टाकला, तुम्हीही करा म्हणून. १९७८ मध्ये स्क्रिटी पॉलिटीने तर कव्हरवर खर्चाची जंत्रीच दिली. कव्हरकडे हिशेबाच्या वहीसारखं बघायची सवय मला यांच्यामुळे लागली.

तरीही मी एका कव्हरवरून घसरलेच.

सात इंची रेकॉर्ड होती. बाजूला चार याप्रमाणे आठ गाणी. बँडचं नाव देत नाही, त्यांना आधीच पुरेसा त्रास दिलाय. सात इंची म्हणजे सहसा मिनिटाला ४५ फेरे. पण हार्डकोरवाले जास्त गाणी कोंबायला पुष्कळदा तीच ३३ वर कापतात. लेबलवर वेग छापलेला नव्हता. बाजूला चार गाणी बघून मी गृहीत धरलं की ३३, आणि सुई टेकवली.

आणि मी थक्क झाले. काय जड संगीत! चिखलात रुतलेली बैलगाडी चौघांनी खांद्याने लोटावी तसं प्रत्येक गाणं इंचाइंचाने पुढे सरकत होतं. बास पोटात घुमत होता. गायकाचा खर्ज विहिरीच्या तळातून यावा तसा. हार्डकोरच्या रेकॉर्डवर एवढा संथपणा कुणी आणत नाही, केवढं धाडस, असं सगळं मी लिहिलं. तीनशे शब्द. बंदी घातलेला एकही शब्द वापरला नाही म्हणून स्वतःवर खूषही होते. शेवटच्या गाण्यानंतर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते तिच्यावर रेकॉर्ड कापणारे कधीकधी सुईने काहीतरी कोरतात. तीही मी दिव्याखाली तिरकी धरून वाचली. पहिल्या बाजूला कुणाच्या तरी मांजरीचं नाव होतं. ते परीक्षणात घातलं. दुसरी बाजू वाचली नाही.

अंक छापला, एक प्रत बँडला पाठवली. उत्तर आलं त्यात मजकूर म्हणून फक्त एक आकडा होता.

४५.

मी रेकॉर्ड काढून उलटी केली, दिव्याखाली धरली. पट्टीवर, माशीच्या पायाएवढ्या रेघांनी कोरलेलं: ४५.

योग्य वेगाने लावली. पावणेअकरा मिनिटांची रेकॉर्ड आठ मिनिटांत संपली. बैलगाडी गेली, त्या जागी जिन्यावरून गडगडत येणारी भांडी. आणि विहिरीच्या तळातला तो गायक बाई होती. हिशेब नंतर केला. ४५ ची रेकॉर्ड ३३ वर लावली की सूर पाच अर्धस्वरांहून थोडा जास्त उतरतो. म्हणजे बाईने षड्ज लावला असेल, तर मला खालच्या पंचमाच्याही किंचित खालचं काहीतरी ऐकू आलं होतं. मी स्वतः बाई असून दुसऱ्या बाईच्या गळ्याला ‘मर्दानी खर्ज’ म्हटलं होतं. छापून. मैत्रीण हसता हसता खुर्चीतून खाली बसली.

“अगं, जॉन पीलसुद्धा चुकीच्या वेगाने लावायचा,” ती म्हणाली. खरं आहे. बीबीसीच्या रेडिओ वनवर १९६७ पासून २००४ मध्ये जाईपर्यंत त्याने न ऐकलेले बँड लोकांच्या कानावर घातले, आणि रेकॉर्ड भलत्याच वेगाने सुरू करणं ही त्याची ख्यातीच होती. पण तो चूक कळली की माफी मागून पुन्हा लावायचा. मी चुकीच्या वेगावर तीनशे शब्दांचं तत्त्वज्ञान रचलं होतं.

खरी अडचण पुढेच होती. चूक दुरुस्त करायची म्हणजे रेकॉर्ड पुन्हा ऐकून नव्याने लिहायचं. ठरल्याप्रमाणे ऐकली, कागदाशिवाय, कागद घेऊन, चार दिवस सोडून. आणि ४५ वर ती रेकॉर्ड बरी होती. नुसती बरी. डी-बीट म्हणतात तो डिस्चार्ज या इंग्लिश बँडच्या नावावरून पडलेला, घोड्याच्या टापांसारखा ठेका, त्यावर तीन-तीन कॉर्ड, ओरडणं. व्यवस्थित वाजवलेलं, पण मी असं पन्नासदा ऐकलं होतं. मला जे अफाट आवडलं होतं ते त्यांनी केलंच नव्हतं. ते माझ्या टर्नटेबलने केलं होतं.

मैत्रीण म्हणाली, आधीच त्यांची शोभा केलीयस, आता चांगलं लिही आणि मोकळी हो. मोठ्या बँडला चार शब्द वाईट लिहिले तर त्यांचं काही बिघडत नाही, या लोकांनी तीनशे प्रती स्वतःच्या हाताने घड्या घालून पाकिटांत भरल्यात. तिचं म्हणणं मला पटतं. म्हणूनच नाही आवडलं तर आम्ही सहसा लिहीतच नाही, सहा जागा असताना एक कशाला नाराजीवर घालवायची. पण इथे गप्प बसायची सोय मीच घालवली होती.

मग एक विचार मनात राहिला. या बँडबद्दल कदाचित दुसरं कुणीच काही लिहिणार नाही. डेट्रॉइटच्या हॅकनी भावांच्या डेथ या बँडने १९७६ मध्ये एका रेकॉर्डच्या पाचशे प्रती काढल्या. पंक हा शब्दही तेव्हा धड रुळला नव्हता. मग सगळं माळ्यावर गेलं. जमवाजमव करणाऱ्यांच्या हाती त्या प्रती फिरत राहिल्या आणि २००९ मध्ये त्यांचा अल्बम बाहेर आला, तोवर तिघांतला डेव्हिड हॅकनी जाऊन नऊ वर्षं झाली होती. आमचा बँड म्हणजे डेथ नव्हे, तेवढं मला कळतं. पण तीस वर्षांनी कुणाच्या हाती ती सात इंची पडली आणि सोबत माझा झेरॉक्स सापडला, तर त्यात निदान वेग तरी बरोबर असावा.

पुढच्या अंकात पहिल्या पानावर चूक कबूल केली आणि खाली नवं परीक्षण दिलं. कोण काय वाजवतं, आठ गाणी, आठ मिनिटं, ४५. गळा चिरका, पण शब्द एकूण एक कळतात. सात गाणी एका घाटाची. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं मात्र वेगळं. त्यात मध्येच गिटार थांबतात, चार मात्रा फक्त ड्रम उरतात आणि ड्रमर जोर वाढवायच्या ऐवजी हात हलका करतो. स्नेअर नुसता टिकटिकतो. मग सगळे पुन्हा कोसळतात. ती चार मात्रांची जागा मी बारा-पंधरा वेळा ऐकली असेल. बाकी रेकॉर्ड मी परत लावेन असं वाटत नाही, हेही लिहिलं. लिहिताना हात जड झाला होता.

दोन महिने काही आलं नाही. आम्ही समजायचं ते समजलो.

मग गायिकेचं पत्र आलं, चांगलं लांबलचक. पहिलं परीक्षण त्यांनी सरावाच्या खोलीच्या भिंतीवर चिकटवलं होतं म्हणे, आणि एका रात्री सगळ्यांनी मिळून रेकॉर्ड ३३ वर लावून ऐकली. तिला स्वतःचा तो विहिरीतला आवाज फारच आवडला. दुसऱ्या परीक्षणाबद्दल तिने एवढंच लिहिलं होतं की तिसऱ्या गाण्यातली ती जागा ठरवलेली नव्हती, ड्रमरच्या हातातली काठी निसटत होती. शेवटी बातमी. बँड मोडला. भांडण वगैरे काही नाही, एकीला नोकरी लागली, एक जण दुसरीकडे राहायला गेला. ड्रमर आता आणखी दोघांबरोबर वाजवतो, त्यांची दोन गाणी सोबत पाठवत आहे, वेळ झाला तर ऐक.

लगेच लावलं. स्वच्छ गिटार, जेमतेम किणकिणणारी. बास दर दोन मात्रांना एकदा. तिघांत कुणालाच घाई नाही. अर्ध्या मिनिटाने स्नेअर आला, अगदी हलका, टिक्. तोच हात.

गाणं इतकं संथ होतं की मी मध्येच उठून टर्नटेबलकडे गेले. तबकडी थांबलेली होती, वर काहीच नव्हतं. गाणं लॅपटॉपवर वाजत होतं.